डॉयलबाईंची शेगडी

गुरुवारी शेगडी बदलायला माणूस येणार, हे प्रोद्रोमोसला कळलं तेव्हा तो तिच्यावरच कॉफी करत होता. लांब दांड्याच्या पितळी ब्रिकीत फेस कडेनं नुकता वर यायला लागला होता, आणि नेमका पोपीचा फोन. लेकीचा फोन म्हटल्यावर घ्यायलाच हवा, नाही घेतला तर बाई कामावरून उठून थेट दारात उभी राहणार. "बाबा, खुशखबर! घरमालकीण झाली एकदाची तयार. नवी शेगडी येतेय, विजेची, वर काच आणि खाली नवाकोरा ओव्हन. भांडं उचललं की आपोआप बंद होते. आता तू विसरलास तरी काही जळायचं नाही." तो 'बरं' म्हणाला. मग 'छान' असंही म्हणाला, कारण ती थांबून राहिली होती. तेवढ्यात कॉफी उतू गेली, बर्नरवर चर्र झालं आणि एवढ्याशा स्वयंपाकघरात करपट वास भरला. फोन ठेवल्या ठेवल्या त्यानं काय केलं असेल, तर सांडलेलं पुसायचं सोडून वरचा पत्रा उचलला आणि कमरेत वाकून आत पाहिलं. चार बर्नरांच्या मधोमध, काळ्या नळीच्या टोकाला, नखाएवढी निळी ज्योत जळत होती. कॉफीचा एक थेंब तिच्यापासून बोटभर अंतरावर वाळत होता. त्यानं श्वास सोडायचा तोही तोंड बाजूला करून सोडला.

जुन्या धाटणीची शेगडी होती ती. कळ फिरवली की बर्नर पेटायचा तो या आतल्या ज्योतीवर, म्हणून ती रात्रंदिवस जळत असायची. ब्रन्सविकमधल्या या फ्लॅटबरोबरच ती आली होती, म्हणजे ती घरमालकीण डॉयलबाईंची. भिंती डॉयलबाईंच्या, नळ डॉयलबाईंचे, तशी शेगडीही. त्याच्या बायकोनं, एव्हान्थियानं, पहिल्याच दिवशी तिला नाव ठेवलं होतं, मेली. मेलीचा ओव्हन एका बाजूनं भाजतो आणि दुसऱ्या बाजूला कच्चं ठेवतो. मेलीच्या कळांवरचे आकडे गेलेत. मेलीचं दार लागत नाही. ते दार शेवटी एव्हान्थियानं जुन्या एप्रनच्या नाडीनं बांधून ठेवलं होतं, आणि पालक भरलेली पाई भाजायची असली की त्याच्यासमोर खुर्ची लावून स्वतः राखण बसायची. पण कुणी दुसऱ्यानं मेलीला नावं ठेवलेली तिला खपायचं नाही. डॉयलबाई घर तपासायला आल्या होत्या एकदा, त्यांना ती नाडी दिसली. बाई तशा मनानं चांगल्या. म्हणाल्या, "अहो, हे काय! मी नवी घेऊन देते." तर एव्हान्थिया तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत दोन्ही हात हलवत, "नको नको, छान आहे, फार छान आहे, अशी शेगडी आता मिळत नाही." बाई गेल्यावर प्रोद्रोमोस भडकला. "अगं, रोज उठून तिला शिव्या घालतेस, आणि बाई आपण होऊन देतेय तर नको म्हणतेस?" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "शिव्या मी घालीन. तिनं का घालाव्यात?" आणि पत्रा उचलून आत बघून आली. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, ही का नको म्हणतेय ते.

कारण त्या ज्योतीची भानगड वेगळी होती. सुरुवातीच्या वर्षांत एव्हान्थियानं स्वयंपाकघरात देवमातेच्या तसबिरीपुढे तेलाची दिवली लावली होती, तिच्या आईच्या घरी होती तशी, कधी न विझणारी. भिंतीला खिळा मारायची मुभा नाही, म्हणून तसबीर शेगडीच्या मागच्या फळीवर टेकवून ठेवलेली, आणि पुढे दिवली. वर छताला काजळीचा डाग पडला. डॉयलबाईंनी तो पाहिला आणि हसत हसत पण स्पष्ट सांगितलं, उघडी ज्योत घरात ठेवायची नाही, आग लागली तर विमावाले एक पै देणार नाहीत. एव्हान्थियानं मान डोलावली. दिवली धुऊन कपाटात ठेवली. मग ईस्टरची रात्र आली. 'ख्रिस्त उठला'चा घोष झाल्यावर सगळे जशी चर्चमधून पेटती मेणबत्ती हाताच्या आडोशानं घरी आणतात तशी तिनंही आणली, आणि कोट न काढता सरळ स्वयंपाकघरात गेली. शेगडीतली ज्योत फुंकून विझवली, आणि नळीच्या टोकाशी चर्चमधली मेणबत्ती धरली. भप्प झालं. "घ्या," ती म्हणाली, "शेगडी बाईंची, ज्योत बाईंची. आता काय म्हणतील?" तेव्हापासून दरवर्षी तेच. वर्षभर त्या ज्योतीवरच घरातलं सगळं शिजायचं, साध्या घेवड्यापासून सणाच्या कोकरापर्यंत. प्रोद्रोमोस तिची टिंगल करायचा. "भाड्याचा देव्हारा," म्हणायचा. "देवमातेला सांग, महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते." ती म्हणायची, "बोल, बोल. जीभ तुझी आहे, तिला भाडं पडत नाही."

आता त्या शेगडीपुढे उभं राहून त्याला तिचा तो आवाज ऐकू आला. गेल्या ईस्टरला ती आजारी होती. चर्चच्या अंगणात खुर्चीवर बसून राहिली, येताना पोपीच्या गाडीत मेणबत्ती मांडीवर धरून. पत्रा त्यानं उचलला, पण ज्योत तिनंच लावली, हात थरथरत होता तरी त्याला लावू दिली नाही. नोव्हेंबरात ती गेली. हॉस्पिटलातून तो एकटाच परत आला, पोपी खाली गाडी लावत होती. घरात तिच्या औषधांचा वास, फ्रिजची घरघर, खुर्चीवर तिचा स्वेटर. आता या घरात काय म्हणून पाय ठेवायचा, असं वाटून तो दारातच थांबला. मग काय सुचलं कुणास ठाऊक, शेगडीचा पत्रा उचलला. ज्योत होती. बाई गेली, आणि तिच्या हातची ज्योत जळतच होती. तिच्या हातचं दुसरं काहीच चालू राहिलं नव्हतं. डब्यातली बिस्किटं संपली, उशीचा वास गेला, कुंडीतली तुळस तर त्याच्याच हातून मेली. तेव्हापासून सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे पत्रा उचलून बघायचं. देवावर त्याचा विश्वास होता की नव्हता हे त्याला नक्की सांगता आलं नसतं, कारखान्यात गाड्यांचे दरवाजे बसवण्यात जन्म गेला, विचार करायला फुरसत कुणाला होती. पण गुरुवारी कुणीतरी येऊन एक नळ बंद करणार आणि एव्हान्थिया दुसऱ्यांदा जाणार, हे मात्र त्याला नक्की कळत होतं.

पोपीला सांगावं, असं त्याच्या मनात शंभरदा आलं. फोन हातात घेतला, ठेवला. काय सांगणार? मध्यंतरी त्यानं घेवडा शिजत ठेवला आणि बाल्कनीत डुलकी लागली. धूर, शेजारीपाजारी, पातेल्याचा कोळसा. तेव्हापासून पोपी बोलता बोलता हळूच विचारायची, "बाबा, आज वार कोणता रे?" आणि त्याच्या उत्तराकडे कान देऊन राहायची. डॉक्टर तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलला होता. नव्या शेगडीसाठी घरमालकिणीच्या मागे ती हात धुऊन लागली ती त्यापायीच, बापाच्या काळजीपायी. आता जर तिला सांगितलं, शेगडी नको, तिच्यात तुझी आई आहे, तर ती काही बोलणार नाही, नुसती बघेल. त्या बघण्याची त्याला भीती वाटत होती. कुठल्यातरी वृद्धाश्रमात, प्लॅस्टिकच्या कपातली कॉफी पीत, आपण कुणालातरी वार सांगतोय असं त्याला दिसलं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. आणि खरं सांगायचं तर त्याला लाजही वाटत होती. उभा जन्म ज्या गोष्टीला हसलो, तिच्यासाठी आता कुठल्या तोंडानं रडायचं?

बुधवारभर तो घरात नुसता येरझारा घालत राहिला. मध्येच वाटायचं, स्वतःचं घर असतं तर. कोण माई का लाल शेगडीला हात लावता! त्याच्याबरोबर कारखान्यात लागलेल्या झाडून सगळ्यांनी घरं घेतली, अंगणात लिंबाची झाडं लावली, टोमॅटो पिकवले. हे दोघं मात्र दरवर्षी म्हणत राहिले, पुढच्या वर्षी गावी परत जाऊ. ग्रीक मुलखात, कोझानीजवळच्या त्या गावात दोन खोल्या बांधूनही घेतल्या, एव्हान्थियाच्या भावानं खिडक्यांचे फोटो पाठवले. पुढच्या वर्षी पोपीची शाळा संपू दे. पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊ दे. पुढच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन. दुसऱ्याच्या शेगडीवर रांधता रांधता एव्हान्थियाचा जन्म सरला, आणि गावच्या त्या नव्या स्वयंपाकघरात एकदाही धूर निघाला नाही. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. म्हणजे शिव्या दिल्या, पण त्या शेगडीला. आज त्याला पहिल्यांदा वाटलं, त्यातल्या निम्म्या आपल्यासाठी असतील.

गुरुवारी उजाडताच त्यानं कपाटातून दिवली काढली. निळ्या काचेची, वर भोकांचं झाकण असलेली, तळाशी जुनं तेल चिकट झालेलं. नवं तेल घातलं, वात घातली, पत्रा उचलला. एक मेणबत्ती ज्योतीशी नेली, पेटली तशी ती दिवलीत धरली. वात पेटली. मग तो खुर्ची ओढून बसला, इकडे दिवली आणि तिकडे शेगडी, आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिला. पुढे काय करायचं हे त्यानं ठरवलंच नव्हतं.

माणूस आला, क्रेग नावाचा, दांडगा, गुडघ्यांना पट्टे बांधलेला, दारातूनच मोठ्यानं बोलणारा. "काय दोस्त, ही होय ती म्हातारी? बाप रे! माझ्या आजीकडे होती असली. ही अजून जिवंत कशी राहिली?" प्रोद्रोमोस म्हणाला, "सांभाळली म्हणून." क्रेग हसला, आणि हत्यारांची पेटी उघडता उघडता त्याची नजर टेबलावर गेली. "ते तेवढं विझव दोस्त. गॅसची लाइन सोडवतोय, घरात ज्योत चालायची नाही."

"हे विझवायचं नाहीये."

"दोन तासांचा तर प्रश्न आहे. मग लाव की परत. लायटर देऊ?"

हा काही वाईट माणूस नव्हता, लायटर खरंच पुढे करून उभा होता. काय सांगणार याला? त्यानं कोट अंगात घातला, दिवली उचलली, आणि दार उघडून बाहेर जिन्यात गेला. जिना उघडा होता, सिमेंटचा, आणि या उलट्या ऋतूंच्या देशात ईस्टरच्या तोंडावर येणारा शरदातला गार वारा खालून वर येत होता. तो पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसला, दिवली पोटाशी धरली आणि कोटाची दोन्ही पाखं तिच्याभोवती ओढून घेतली. आतून पान्ह्याचा आवाज आला, लोखंड लोखंडावर घासल्याचा. मग फुस्स. बस्स, एवढंच. क्रेग शीळ घालत होता. प्रोद्रोमोसला वाटलं होतं छातीत कळ येईल, जीव जाईल, काहीतरी होईल. काही झालं नाही. कोटाच्या आत बरगड्यांना तेवढी ऊब लागत होती. तो तसाच बसून राहिला, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते मिशीत जिरू दिलं. आपण इथे भिकाऱ्यासारखे बसलोय, वरच्या मजल्यावरची बाई बघेल, हेही त्याला कळत होतं. बघू दे म्हणाला. जायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. घरात ज्योत ठेवायची नाही. आणि दुसरं घर कुठे आहे आपल्याला?

पोपी अर्धा दिवस सुट्टी टाकून नवी शेगडी बघायला आली, ती दोन-दोन पायऱ्या चढत. वळणावर तिनं बापाला पाहिलं आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला. "बाबा! काय झालं? पडलास का? इथे का बसलायस?" त्यानं मान हलवली. तिनं त्याच्या कोटाकडे पाहिलं, कोटातून येणाऱ्या उजेडाकडे पाहिलं. तो मनात म्हणाला, आता विचार वार कोणता ते. तिनं विचारलं नाही. ती खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "शेगडीतली?"

त्यानं मान डोलावली.

"मला आठवलंच नाही." तिचा आवाज फाटला. "देवाशप्पथ, बाबा, आठवलंच नाही. मी त्या डॉयलबाईच्या मागे लागले, कायदा दाखवला, भांडले तिच्याशी. मला नुसतं ते जळलेलं पातेलं दिसत होतं रे. तू का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, म्हातारा कामातून गेला."

"म्हणाले असते," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. तेवढ्यात क्रेगनं दारातून डोकं काढलं. सगळं झालंय, या बघायला. दोघं उठून आत गेली. शेगडीच्या जागी काळी चकचकीत काच होती, आणि तसबीर ठेवायची मागची फळी नव्हतीच. देवमातेला क्रेगनं फ्रिजवर उताणं झोपवून ठेवलं होतं. त्यानं कौतुकानं ब्रिकी काचेवर ठेवून बटण दाबलं. काचेखाली एक खूण लुकलुकली आणि गेली. पुन्हा दाबलं. पुन्हा गेली. "हिला हे भांडं ओळखू येत नाही, दोस्त. पितळेचं ना? लोहचुंबक चिकटेल असलंच भांडं लागतं हिला." प्रोद्रोमोस म्हणाला, "असू दे. मलाही ती ओळखू येत नाही." मग पोपीकडे वळून म्हणाला, "मला तुझ्या आईकडे ने."

गाडीत बसल्याबरोबर तिनं गरम हवेचा पंखा बंद केला, चारही काचा वर घेतल्या. दिवली त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये होती आणि तेलाचा वास भरला होता. सिडनी रोडवरून ती इतक्या हळू चालली होती की मागचे भोंगे वाजवत होते. लहानपणी मागच्या सीटवर अशीच मेणबत्ती धरून बसायची, आणि एव्हान्थिया पुढून ओरडायची, श्वास घेऊ नकोस मेले, विझेल! सिग्नलला थांबल्यावर पोपी म्हणाली, "बाबा, तुला एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"बोल."

"मी लहान असताना एकदा ईस्टरला तुझी रात्रपाळी होती. मी आणि आई चर्चमधून चालत आलो. मेणबत्ती माझ्या हातात. कोपऱ्यावरच्या गुत्त्यापाशी वारा आला आणि विझली. मी भोकाड पसरलं. परत जायचं तर चर्चची दारं बंद झालेली. गुत्त्याच्या बाहेर एक दारुडा उभा होता, आईनं त्याच्याकडे लायटर मागितला. त्यानं पेटवून दिली, वर 'मेरी ख्रिसमस' म्हणाला." ती हसली. "आई म्हणाली, बाबांना सांगू नकोस हं. मी म्हटलं, बाबा तर हसतातच याला. तर म्हणाली, हसू दे. रात्रपाळीवरून आला की टोपी काढून आधी तिथे बघतो. त्याला वाटतं मी झोपलेय."

सिग्नल हिरवा झाला, तरी गाडी हलायला जरा वेळ लागला. प्रोद्रोमोस खाली बघत होता. त्याला ती पहाट आठवली की नाही कोण जाणे, तशा पहाटा पुष्कळ होत्या. अंधारं स्वयंपाकघर, बुटांना वंगणाचा वास, हळूच उचललेला पत्रा, आणि कारखान्याचा सगळा आवाज कानांतून उतरून जायचा तो क्षण. आपल्याला कुणी पाहत नाहीय याची त्याला केवढी खात्री असायची! आणि ही पलीकडच्या खोलीत डोळे मिटून पत्र्याचा आवाज ऐकत पडलेली. तो हसला तिला, आणि ती फसवत राहिली त्याला, आणि दोघांनी मिळून गुत्त्यावरच्या दारुड्याची ज्योत वर्षभर सांभाळली. "लबाड बाई," तो म्हणाला. पोपीनं एक हात काढून त्याच्या बाहीवर ठेवला.

फॉकनरच्या दफनभूमीत वारा मोकाट होता. ग्रीकांच्या रांगांतून जवळजवळ प्रत्येक थडग्यावर काचेच्या दाराचा एकेक कोनाडा आणि त्यात दिवा. एव्हान्थियाचा दगड काळा, त्यावर तिचा तरुणपणीचा फोटो, आणि शेजारी त्याचंही नाव आधीच कोरून ठेवलेलं, पुढची जागा कोरी. या देशात स्वतःची म्हणून घेतलेली जागा तेवढी एकच. इथे कुणी घर तपासायला येत नाही. तो गुडघे मोडत खाली बसला. पोपीनं वाऱ्याकडे पाठ करून दोन्ही बाजूंनी कोट पसरला. त्यानं कोनाड्याचं दार उघडलं, आतली वात वर काढली, दिवलीचं झाकण उचललं आणि खिशातली मेणबत्ती पेटवून घ्यायला वाकला. वारा कुठून आला ते कळलंच नाही. पोपीच्या कोटाखालून आला असावा. ज्योत एकदा आडवी झाली, निळी पडली, आणि गेली. वातीच्या टोकाशी तांबडा ठिपका राहिला, तोही त्याच्या डोळ्यांदेखत काळा झाला. धुराची एक बारीक रेघ फोटोवरून वर गेली.

पोपीच्या तोंडून "अगंबाई!" एवढंच निघालं. तिला त्याच्याकडे बघवेना. तो हललाच नाही. दिवली मांडीवर घेऊन, उघड्या तोंडानं, वातीकडे बघत बसला. संपलं होतं. गेल्या ईस्टरपासून, नोव्हेंबरातून, त्या जिन्यावरून इथवर आणलं, आणि तिच्या दारात संपलं. दोन थडगी पलीकडे कुणाच्यातरी पत्र्याच्या डब्यातली फुलं खडखड वाजत होती.

मग त्याचा हात हळूहळू कोटाच्या आतल्या खिशात गेला. सिगारेट डॉक्टरनं बंद केली होती, पोपीनं पाकिटं फेकून दिली होती, पण आत खोलवर लायटर होता. तिनं तो पाहिला, भुवया वर गेल्या. त्यानं तळहाताचा आडोसा केला. पहिल्यांदा नुसती ठिणगी. दुसऱ्यांदा लागला. कोनाड्यातली वात पेटली, आणि त्यानं काचेचं दार लावून घेतलं. आत ज्योत सरळ उभी राहिली, एव्हान्थियाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो उठला, पोपीच्या खांद्याला धरून. फोटोकडे एकदा चोरून पाहिलं, मग लेकीच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, कुजबुजत म्हणाला,

"आईला सांगू नकोस."